ओट्याला काय, जिन्याला काय: घरात कुठला दगड कुठे लावायचा

घराचं काम काढलं की दगडाच्या दुकानात सगळे आधी रंग बघतात, मग भाव विचारतात, आणि त्या दगडावर रोज काय सांडणारे हे कोणी मनात आणतच नाही. खरं तर सुरुवात तिथूनच करायची. लिंबू-कोकम सांडणार, का साबणाचं पाणी, का चपलेला चिकटून आलेली वाळू, का चार महिने सलग पाऊस. हे एकदा ठरलं की निम्मे दगड आपोआप बाद होतात आणि दुकानदाराला पण कळतं की गिऱ्हाईक कच्चं नाही.

त्यासाठी दगडाचं गोत्र थोडं माहीत पाहिजे, फार नाही. आपल्याकडे घरात लागतात त्यातले बरेचसे चुनखडीच्या खानदानातले, म्हणजे कडप्पा, शहाबादी, कोटा, तांदूर, आणि मार्बल पण त्यांचाच भाऊबंद, चुनखडी जमिनीखाली उष्णतेने आणि दाबाने बदलली की मार्बल होतो. या सगळ्यांचं वाकडं एकाच गोष्टीशी, आंबटाशी. लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर, संडास धुवायचं ॲसिड, काहीही पडून राहिलं की वरचा थर खाल्ला जातो, चमक जाते आणि तिथे फिकट ठिपका दिसायला लागतो. बाई घासून घासून दमते, पण तो निघणार कसा, तो डाग नाहीचे, तिथला पॉलिश केलेला दगडच गेलाय. दुसऱ्या बाजूला ग्रॅनाईट आणि आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, हे तापलेल्या रसातून थिजून झालेले, स्वयंपाकघरातल्या आंबटाला ते भीक घालत नाहीत. तिसरे ते पाणी पिणारे, जांभा आणि राजस्थानचा वालुकाश्म म्हणजे सँडस्टोन, त्यांचं वेगळंच शास्त्र आहे, ते खाली येईल.

दुकानात जाताना लिंबाची एक फोड आणि नेलपॉलिश रिमूव्हरची बाटली बरोबर ठेवा, लोक हसले तर हसूदे. तुकडा मागून घ्यायचा, पॉलिशच्या बाजूवर लिंबाचे दोन थेंब टाकायचे, दहा मिनिटं भाव-बिव विचारत बसायचं, मग पुसून तुकडा तिरपा करून उजेडात बघायचं. थेंबाच्या जागी मंद गोल दिसला तर तो चुनखडीवाला, बोर्डावर काही का लिहिलेलं असेना. रिमूव्हर लागतो काळ्या ग्रॅनाईटसाठी, कारण करडा दगड रंग मारून जेट ब्लॅक म्हणून खपवतात, कापसाचा बोळा भिजवून जोरात घासायचा, कापूस काळा झाला तर पुढच्या दुकानात. साध्या पाण्याचा थेंब पण ठेवून बघायचा, पाच-दहा मिनिटांत खाली गडद ठिपका पडला तर तो दगड पाणी पितो, म्हणजे तेल आणि हळद पण पिणार. आणि शेवटी बोटाच्या पेराने किंवा नाण्याने वाजवायचं. अखंड दगड खणखणीत वाजतो, आत चीर असली की आवाज बद्द येतो.

आता ओटा. भारतीय ओट्याला ग्रॅनाईटच, यात फार चर्चा नको. कुकर खाली उतरवून थेट ठेवता येतो, विळी-सुरीचे चरे पडत नाहीत, आंबट चालतं. फक्त रंगाचं बघा. ब्लॅक गॅलेक्सी, तो सोनेरी चमचमीवाला, आंध्रात ओंगोलजवळ चीमकुर्तीला निघतो, दिसायला झकास, आणि असे काळे दगड घट्ट असल्यामुळे पाणी पण कमी पितात (भूगर्भशास्त्रवाले म्हणतील हा ग्रॅनाईट नाहीच, पण बाजारात त्याला ग्रॅनाईटच म्हणतात). काळ्याचा वैताग एवढाच की कणकेचा प्रत्येक कण आणि पाण्याचा प्रत्येक थेंब वाळून पांढरा दिसतो, दिवसभर फडकं हातात. मला विचाराल तर करीमनगरकडचा टॅन ब्राऊन किंवा मधला करडा, मळखाऊ रंग बरा. पांढऱ्या ग्रॅनाईटच्या नादी लागणार असाल तर आधी सीलर, म्हणजे दगडात पाणी-तेल मुरू न देणारं लिक्विड, मारून घ्या, नाहीतर पहिल्या लोणच्याच्या मोसमात हळदीचा नकाशा उमटलेला बघायची तयारी ठेवा.

जाडी सहा सूत मागा, म्हणजे अठरा-एकोणीस मिलिमीटर. चार-पाच सुतीचा स्वस्त मिळतो पण तो ओट्याला नको, भिंतीला ठीक. स्लॅब स्वतः उभं राहून निवडायचा, मागे मार्करने नाव लिहायचं आणि फोटो काढून ठेवायचा, कारण गाडीतून जो उतरतो तो तुम्ही निवडलेलाच असेल याची खात्री कोणी देत नाही. ओटा एल आकाराचा असेल तर सांधा कुठे येणार हे कागदावर काढून घ्या, सिंकवर आणि शेगडीच्या खाचेवर सांधा येऊ द्यायचा नाही. हॉब, म्हणजे ओट्यात बसणारी शेगडी, बसवायची खाच कापताना कोपरे काटकोनात कापू देऊ नका, गोलसर कापायला सांगा, चीर जाते ती बरोबर त्या टोकदार कोपऱ्यातून. ओट्याची खोली दोन फूट बास. उंची मात्र मिस्त्रीच्या सवयीने नाही, जो स्वयंपाक करतो त्याच्या मापाने ठरवायची, बहुतेक घरात बत्तीस ते चौतीस इंच येते, पण उभं राहून कोपर वाकवलं की कोपराच्या चार-पाच इंच खाली हे खरं माप. सासूबाई आणि सूनबाई यांच्या उंचीत फरक असेल तर तो प्रश्न घरात बसून सोडवा, तो दगडवाल्याचा नाही.

आणि एक गोष्ट जी हमखास राहते. ओट्याच्या पुढच्या कडेखाली, कडेपासून अर्धा-पाऊण इंच आत, कटरने एक बारीक खाच सगळ्या लांबीला मारून घ्यायची. पाणी कडेवरून वळून दगडाच्या पोटाला चिकटून आत सरकत जातं, हात लावून बघा कुठल्याही जुन्या ओट्याखाली, ओलं लागेल, आणि मग तिथून ट्रॉलीच्या प्लायवर. दोन-तीन वर्षांत दार फुगतं, लोक सुताराला शिव्या घालतात. खाच असली की पाणी तिथे अडतं आणि सरळ खाली जमिनीवर पडतं. खिडकीच्या बाहेरच्या सिलला पण हेच, शिवाय सिलला बाहेरच्या बाजूला उतार पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात खिडकीखालच्या भिंतीला ओल आलीच म्हणून समजा. हे काम दगड बसवायच्या आधी करून घ्यायचं, बसवल्यावर मिस्त्री म्हणणार आता कसं करू साहेब.

ग्रॅनाईटच्या खाली बहुतेक मिस्त्री कडप्पा टाकतात, उभे आधार पण कडप्प्याचेच, ते बरोबर आहे. कडप्प्याला हल्लीचे इंटिरिअरवाले नाकं मुरडतात पण भांड्यांची मांडणी, धान्याची कोठी, गॅस सिलेंडरचा कप्पा, इथे त्याला तोड नाही. वाळवी लागत नाही, ओलीने फुगत नाही, झुरळांना लपायला सांधे कमी. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातून हा येतो, पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड, तीच त्याची खोड. घेताना कडा नीट बघा, पुस्तकाच्या पानासारखी रेघ दिसत असेल तर तो तुकडा नको, वर्षभरात पापुद्रा सुटणार. मांडणीत आधाराशिवाय अडीच फुटापेक्षा जास्त लांब सोडू नका, हा दगड वाकत नाही, एकदम मोडतो, तांदळाच्या डब्यासकट. कडा घासून बोथट करून घ्यायच्या, नाहीतर डबा काढताना मनगट सोलून निघतं. वरून तेलाचा हात फिरवला की काळाभोर दिसतो, पण मग धूळ चिकटते, आपापली हौस.

फरशीला माझं मत कोटा. राजस्थानात कोट्याजवळ रामगंजमंडीच्या भागातला हा दगड, निळसर-हिरवट आणि तपकिरी अशा दोन रंगात, शाळा, दवाखाने, सरकारी हापिसं सगळीकडे बघितलेला, म्हणून घरात लावायला लोकांना कमीपणा वाटतो. उन्हाळ्यात अनवाणी चाला मग कळेल. खोली थोडी अंधारी दिसते हे खरंय, त्याला भिंती पांढऱ्या ठेवायच्या. आणि पंचवीस वर्षांनी पण मशीन आणून घासला की परत नवा, टाईलचं तसं होत नाही. पण कोटा चांगला दिसणं हे दगडापेक्षा बसवण्यावर आहे. आधी गाडीतल्या सगळ्या फरश्या सुक्या मांडून रंग जुळवून घ्यायचे, लॉट बदलला की छटा बदलते. खाली सिमेंट-वाळूच्या मालाचा थर, वर सिमेंटची घट्ट स्लरी, फरशी ठेवून लाकडी हातोडीने ठोकून लेव्हल, आणि चारही कोपऱ्यांखाली माल गेलाय ना ते वाजवून बघायचं, पोकळ वाजली की त्याच वेळी उचलायला लावायची. सांधे जितके घट्ट तितकं चांगलं. मग आठवडाभर तरी पाणी मारायचं आणि घासायची घाई करायची नाही. पॉलिशवाला पाण्यावर मशीन चालवतो, खरखरीत वड्यांपासून बारीक वड्यांपर्यंत, तीन-चार हात, आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिड. आता म्हणाल वर सांगितलं आंबटाने दगड खाल्ला जातो आणि पॉलिशला पण ॲसिडच, तर हे ॲसिड दगडातल्या कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा पातळ थर धरतं, तो थर चमकतो. म्हणून ते पॉलिशवाल्याच्या हातातच बरं, आपण घरी बादलीत टाकून पुसायला जायचं नाही.

मार्बलचं काय. मकराण्याचा मार्बल म्हणजे ताजमहालाचा, त्याबद्दल वाईट बोलायची माझी छाती नाही. पण मार्बलची कठीणता मोजपट्टीवर साधारण 3 आणि चपलेखाली येणारी वाळू 7, म्हणजे दारातून आत येणारा प्रत्येक माणूस सँडपेपर घेऊन चालतोय. बैठकीत मार्बल लावायचाच असेल तर दाराबाहेर एक आणि आत एक अशी दोन जाडजूड पायपुसणी, याला पर्याय नाही. पांढऱ्या मार्बलखाली पांढरं सिमेंटच वापरायचं, करड्या सिमेंटची छाया खालून वर येते आणि मग फरशी कायमची मळकट. इटालियनच्या मागे जाळी चिकटवलेली असते आणि भेगा रेझिनने भरलेल्या असतात, ते फसवणूक म्हणून नाही, तो दगड तेवढा नाजूकच असतो. घेताना स्लॅबवर हात फिरवा, रेझिनचे पट्टे बोटाला गुळगुळीत आणि थोडे वेगळे लागतात, ते फार असतील तर घासाघीस करायला जागा आहे. हिरवा मार्बल मोरीत-बाथरूममध्ये नको, पातळ फरशी ओलाव्याने वाकते, सिमेंटवर बसवली तर जास्तच.

देवघराला मार्बल सगळेच लावतात. तिथे कुंकू, हळद, तेल, सगळे पक्के डागवाले एकत्र, आणि पंचामृतात दही म्हणजे आंबट पण आलं. अभिषेक ताम्हनातच करा, आणि समई-निरांजनाच्या खाली काळ्या ग्रॅनाईटची एक पट्टी बसवून घ्या, ओट्याचा उरलेला तुकडा असतोच.

बाथरूममध्ये गुळगुळीत काही नको एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. लेदर फिनिश किंवा फ्लेम फिनिशचा, म्हणजे वरून खरखरीत ठेवलेला ग्रॅनाईट, नाहीतर न घासलेला कोटा. उतार पाच फुटाला एक इंच जाळीकडे, आणि फरशी बसल्यावर मिस्त्री जायच्या आत बादलीभर पाणी ओतून बघा, डबकं राहिलं तर लगेच दाखवा. बाथरूमची चौकट लाकडाची करून ती खालून कुजवण्यापेक्षा ग्रॅनाईटची करा. कोटा असेल तर संडासाला लागणारं ॲसिड फरशीवर सांडू द्यायचं नाही हे कामवाल्या मावशींना एकदा नीट समजावून सांगा.

जिन्याला कोटा किंवा ग्रॅनाईट, पायरी दहा-बारा इंच रुंद, उंची सहा-सात, आणि सगळ्या पायऱ्या एकसारख्या, शेवटची एक इंचाने उंच झाली तरी माणूस अडखळतो. पुढच्या कडेजवळ दोन-तीन खाचा मारून घ्या. बाहेरच्या जिन्याला चकचकीत ग्रॅनाईट लावणारे बंगले दर पावसाळ्यात एकाला तरी हाडाच्या डॉक्टरकडे पाठवतात.

अंगण, गच्ची, तुळशीवृंदावनाभोवती वगैरे शहाबादी, कर्नाटकात कलबुर्गीकडच्या शहाबादची. खडबडीत असते म्हणून घसरत नाही, स्वस्त, आणि आपल्या पावसाला पुरून उरते. गाडी उभी राहणार असेल तर मात्र जाड घ्या आणि खाली पोकळ अजिबात नको, चाकाखाली पहिली तीच फुटते. शेवाळ आलं की लोक ॲसिड ओततात, ते चुनखडीवर बंद. ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून टाका, अर्धा तास ठेवा, खराट्याने घासा. आणि ब्लीचिंग आणि ॲसिड एकत्र कधीच नाही, त्यातून क्लोरिन वायू सुटतो, तो छातीत जातो.

कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांना जांभा कसा असतो ते मी काय सांगू. पण हल्ली पुण्या-मुंबईकडचे लोक गावाला घर बांधताना उघड्या चिऱ्याची, म्हणजे जांभ्याच्या कापीव ठोकळ्यांची भिंत मागतात, त्यांच्यासाठी. चिरा खाणीतून कापताना मऊ असतो आणि हवेवर कडक होत जातो, त्यामुळे आज कापला उद्या बांधला असं करू नका. तो पाणी पितो, म्हणून जुन्या घरांचं जोतं पुष्कळदा काळ्या दगडाचं आणि वर जांभा, आणि पाखं चांगली लांब पुढे आलेली. सपाट स्लॅबचं घर करून उघडा जांभा ठेवला तर भिंत ओली राहणारच, छप्पर बाहेर काढा. त्यावर चकचकीत लॅकर मारायचा आग्रह पेंटरवाले करतात, तो नको, आतली ओल बाहेर पडत नाही आणि वर्षा-दोन वर्षांत सालपटं निघतात. सिलेन-सिलोक्सेनवालं पाणी अडवणारं लिक्विड मिळतं, ते आत मुरतं, भिंतीचा रंग तसाच राहतो आणि वाफ बाहेर जाऊ देतं. मारायचं ते उन्हाळ्यात, भिंत पूर्ण सुकल्यावर.

काळा पाषाण म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या घराखालचाच दगड, साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हल्ली पाटा-वरवंट्याची हौस परत आलीये तर घेताना नीट बघा. कापलेल्या बाजूला बारीक छिद्रं किंवा पांढरे-गुलाबी दाणे दिसत असतील तर तो पाटा नको. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पोकळ्या असतात आणि त्यात दुसरी खनिजं भरलेली असतात, ते दाणे सुटून चटणीत येतात आणि दाताखाली कचकच. एकजीव, जड, निळसर काळा घ्या. नव्या पाट्यावर आधी जाडं मीठ आणि भिजवलेले तांदूळ वाटून ते फेकून द्या, वाटण करडं यायचं थांबेपर्यंत. पाटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायची, म्हणजे छिन्नीने टोचून परत खरखरीत करून घ्यायचा. टाकी लावणारे आता दारावर फारसे येत नाहीत, बाजारच्या दिवशी विचारलं तर सापडतात.

टीव्हीमागे लावायचे राजस्थानचे जैसलमेरी पिवळे, धोलपुरी वालुकाश्म वगैरे दगड, ते आवडीचे, फक्त मोठा जड तुकडा नुसत्या चिकटवण्यावर सोडू नका, क्लॅम्प मारायला लावा. आणि भिंतीला ओल असेल तर आधी ओल काढा, नाहीतर लोणा, म्हणजे भिंतीतला पांढरा क्षार, दगडातून पण बाहेर येतो.

दगड घरात कापणार असतील तर कटर पाण्यावरच चालला पाहिजे यावर अडून बसा. कारागीर म्हणेल चिखल होतो, होऊदे. ग्रॅनाईटच्या धुळीत सिलिका असते, ती छातीत गेली की बाहेर येत नाही, आणि त्याच्याइतकीच ती तुमच्या घरातल्या पोराटोरांच्या पण नाकात जाते.

रोजच्या पुसायला साधं पाणी, फार तर चार थेंब भांड्यांचा लिक्विड साबण. तेलाचा डाग मुरला तर खाण्याच्या सोड्याची पाण्यात घट्ट लुगदी करून थापायची, वर प्लास्टिक, कडा टेपने बंद, रात्रभर ठेवून सकाळी प्लास्टिक काढायचं आणि ती पूर्ण वाळू द्यायची, तेल सुकताना तिच्यात ओढलं जातं, एका वेळी नाही गेलं तर परत. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, ओटा खिडकीजवळ असेल तर बरेचदा चार दिवसांत आपोआप जातो, म्हणून लगेच काही रसायन ओतायला धावू नका. सीलर परत मारायची वेळ आली का ते तोच पाण्याचा थेंब सांगतो.

मागवताना मोजलेल्या मापावर आठ-दहा टक्के जास्त धरा, आणि बिल व्हायच्या आधी विचारा की तुटका कोपरा मापातून वजा करणार का, नंतर विचारून उपयोग नसतो. काम संपल्यावर उरलेल्या फरश्या मिस्त्रीला देऊन टाकू नका. त्याच लॉटच्या चार-पाच माळ्यावर उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक नाही, आणि मागे कुठल्या खोलीच्या ते लिहून ठेवा. प्लंबर कधीतरी पाईप शोधायला बाथरूम फोडणारच आहे.